अळणी मटण आणि आयरिश जाऊबाई

मागच्या अंकात मी लेकीच्या बाळंतपणाला आयर्लंडला, कॉर्कमध्ये तीन महिने राहिले होते त्याबद्दल चार ओळी काय लिहिल्या (व्हिसाच तीन महिन्यांचा, नाहीतर आणखी राहिले असते), ह्या महिन्यात निम्मी पत्रं आयर्लंडचीच आलीत. मार्च महिना आहे, १७ तारखेला त्यांचा सेंट पॅट्रिकचा सण, म्हटलं ह्या वेळी आपली चूल तिकडंच वळवू. उन्हाळी पापड-कुरडयांचे प्रश्न विचारणाऱ्यांनी रागावू नका, पुढच्या अंकात सगळं पापडांचंच.

प्रश्न : आक्का, नमस्कार. मी घरातली थोरली सून. धाकटे दीर डब्लिनला नोकरीला आहेत आणि गेल्या वर्षी त्यांनी तिथलीच मुलगी केली, जाऊबाईंचं माहेर गॉलवे. आता दोघं महिनाभर घरी आलेत. पोरगी गुणाची आहे, मिसळ खाताना डोळ्यातनं पाणी काढते पण वाटी सोडत नाही. १७ मार्चला तिचा सण आहे, ती काही बोलली नाही पण परवा आईशी फोनवर बोलून आली तेव्हा डोळे लाल होते. मला तिला माहेरचं जेवण करून घालायचंय, न सांगता. नेटवर बघितलं तर सगळीकडं कॉर्न्ड बीफ (म्हणजे खारवलेलं गोमांस) आणि कोबी, आणि बीफ आमच्या घरात चालत नाही. त्यात १७ ला मंगळवार, सासूबाई अंबाबाईचा मंगळवार पाळतात. खाणारी आठ माणसं. केक सोडला तर विलायती असं मी कधीच काही केलेलं नाही. काय करू? आणि उरलं तर त्याचं काय करायचं तेही सांगा, आमच्यात अन्न टाकत नाहीत. — थोरली सून, राजारामपुरी

आक्का : अगं बाई, पहिली गोष्ट म्हणजे ते कॉर्न्ड बीफ डोक्यातनं काढून टाक, ते तुझ्या जाऊबाईच्या माहेरचं नाहीच. ते अमेरिकेतल्या आयरिश लोकांचं. आयर्लंडमधनं खारवलेलं गोमांस पिंपं भरभरून बाहेर जायचं, कॉर्क बंदरातनंच जायचं, पण तिथल्या गरिबाच्या ताटात ते कधी पडायचं नाही, त्याच्या वाट्याला बटाटा, ताक आणि सणासुदीला डुकराचं खारं मटण. पुढं हीच माणसं न्यूयॉर्कला गेली, तिथं यहुदी खाटकांच्या दुकानात खारवलेलं बीफ परवडायला लागलं, आणि कोबीबरोबर तेच शिजवायची सवय पडली. गॉलवेच्या घरात १७ मार्चला कोबी असेल तर बेकनबरोबर, म्हणजे त्याच डुकराच्या खाऱ्या मटणाबरोबर असेल, नाहीतर मग मेंढीच्या मटणाचं स्ट्यू. आपल्याकडं तसाही २०१५ पासून गोवंश हत्याबंदीचा कायदा आहे, तेव्हा तो विषयच नको. डुकराचं तुमच्यात चालतं का नाही तू लिहिलं नाहीस, मी नाही असंच धरते.

आता मंगळवारचं. सासूबाईंचा मंगळवार मोडायचा नाही, आणि एकाच ओट्यावर एकीकडं मटण एकीकडं सोवळं असली कसरत पहिल्यांदा करताना तर अजिबात नको. मी काय म्हणते, दोन दिवसांत वाटून टाक. रविवारी १५ ला मटणाचं स्ट्यू कर, तसंही आपल्या कोल्हापुरात रविवारी मटण नसलं तर शेजारी विचारायला येतात कोण गेलं म्हणून. आणि मंगळवारी खऱ्या सणादिवशी सगळं बिनमटणाचं: कांद्याची पात घातलेला कुस्करलेला बटाटा ज्याला ते चॅम्प म्हणतात, लोण्यातला कोबी, सोडा ब्रेड आणि कडक चहा. सासूबाईसुद्धा सगळं खातील, त्यात अंडंपण नाही. आणि जाऊबाईला हे कमीपणाचं वाटेल असं मनात आणू नकोस, हा सण येतोच मुळी त्यांच्या ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या व्रतात. सण शुक्रवारी आला तर तिकडं त्या दिवसापुरती मटणाची सूट असते. म्हणजे वार पाळणं, वारातनं पळवाट काढणं, हे सगळं तिला माहेरनंच ठाऊक आहे. सासूबाईंशी तिची ह्या विषयावर गाठ घालून दे, जमेल दोघींचं.

स्ट्यू कसं करायचं. आता नीट वाच, कारण इथं आपल्या बायकांचा हात घसरतो. माझा घसरला होता. लेकीच्या शेजारी एक आजी राहायची, ऐंशीच्या पुढची, तिनं मला पहिल्यांदा स्ट्यू करून दाखवलं. मटण, कांदा, बटाटा, पाणी, मीठ. मी वाट बघत उभी, म्हटलं आता फोडणी टाकेल, आता वाटण टाकेल. काही नाही, झाकण ठेवून बाई खुर्चीत जाऊन बसली. मला बघवेना. दुसऱ्या आठवड्यात मी तिला जेवायला बोलावलं आणि तेच स्ट्यू केलं, पण इथनं नेलेली कांदा-लसूण चटणी, एकच चमचा, गुपचूप आत सोडली. ते ना धड स्ट्यू झालं ना धड तांबडा. आजी बिचारी काही बोलली नाही, जेवणाबरोबर दूध प्यायची पद्धत आहे तिथं बऱ्याच घरांत, तिनं तीन ग्लास दूध प्यायलं. त्यावरनं मी काय ते समजले.

तर हे आपलं अळणीच आहे असं समज. आपण तांबडा-पांढरा करायच्या आधी मटण शिजवून त्याचं अळणी पाणी काढतो, पोरांना वाटीत घालून देतो, तेच. फक्त त्यात आलं-लसूण नाही आणि हळद नाही. हळद तर चिमूटभरपण नको, रंग पांढुरकाच राहिला पाहिजे. वर कट दिसता कामा नये, कट दिसला म्हणजे तू काहीतरी परतलंयस.

आठ माणसांना दीड किलो मटण घे, मेंढ्याचं मिळालं तर तेच, मानेचं आणि खांद्याचं हाडासकट, नुसते बोनलेस तुकडे घेतलेस तर पाण्याला चव उतरणार नाही. दोन किलो बटाटा, पाऊण किलो कांदा. जाड बुडाच्या पातेल्यात मटण आणि मोठा मोठा चिरलेला कांदा, वर बुडेल एवढंच पाणी, मीठ. उकळी आली की वरचा फेस काढून टाक आणि आच बारीक कर. झाकणावर पाणी ठेव, आपल्या आज्या ठेवायच्या तसं, आणि आत पाणी कमी पडलं तर झाकणावरचंच गरम पाणी आत. सव्वा-दीड तास लागेल. कुकर लावणारच असशील तर एक शिट्टी झाली की बारीक आचेवर पंधरा-वीस मिनिटं, पण मला विचारशील तर पातेलंच, रविवार आहे, घाई कुणाला आहे?

बटाट्यात एक गंमत आहे. निम्मे बटाटे पातळ चकत्या करून मटण तीन हिस्से शिजल्यावर घालायचे, ते विरघळून रस्सा दाट करतात, बाहेरनं पीठ-बीठ काही लावायला लागत नाही. उरलेले निम्मे सोलून मोठे मोठे ठेवायचे आणि वीसेक मिनिटांनी वर ठेवून द्यायचे, ते अख्खे राहतात. चकत्यांना जुना बटाटा घे, तो फुटतो, आणि वरच्यांना नवा, तो फुटत नाही. गाजर घालायचं का नाही ह्यावरनं तिथं लोक भांडतात, आपल्याकडं मिसळीत बटाटा का पोहे ह्यावरनं भांडतात तसंच. आजी घालायची नाही, मीपण घालत नाही, पण जाऊबाईंना आदल्या दिवशी गप्पा मारता मारता विचार, ज्याच्या त्याच्या घरची रीत.

थाइम म्हणून एक पाला घालतात त्यात, तो इथं मिळेल न मिळेल. पण थाइमला जो वास असतो तो थायमॉलचा, आणि आपल्या ओव्यातपण तेच थायमॉल. म्हणून मी ओव्याची चिमूट, अगदी दोन बोटांतली, फडक्यात पुरचुंडी बांधून सोडते आणि दहा मिनिटांत काढून घेते. जास्त वेळ राहिली तर पोटदुखीचा काढा लागतो. शेवटी मिरपूड आणि वर कांद्याची पात चिरून. कोथिंबीर नको गं, कोथिंबीर पडली की ते परत कोल्हापुरात येतं.

घरातली बाप्ये मंडळी तोंड वाकडं करणार, ते धरून चाल. त्यांच्यासाठी ठेचा वाटून ताटाच्या कडेला दे, पण पातेल्यात नाही. पातेलं जाऊबाईचं.

उरलेल्याचं सांगते शेवटी, आधी बाकीच्यांचं होऊ दे.

प्रश्न : आक्का, तुम्ही सोडा ब्रेडचं लिहिलं होतं की यीस्ट लागत नाही, फुगत ठेवायला लागत नाही. पण आमच्याकडं ओव्हन नाही. मायक्रोवेव्ह आहे साधा, त्यात दूध तापवतो. मग कसं जमणार? — कॉलेजकुमारी, शिवाजी पेठ

आक्का : जमतंय. अगं ज्यांचा हा ब्रेड आहे त्यांच्याकडं तरी ओव्हन कुठं होता? एकोणिसाव्या शतकात खायचा सोडा तिकडच्या घरांत पोचला आणि हा ब्रेड सुरू झाला तेव्हा खेड्यातल्या घरात एक चूल, त्यात दलदलीतनं कापून वाळवलेल्या मातीच्या विटा जळायच्या, आणि त्यावर साखळीला टांगलेलं एक बिडाचं झाकणवालं भांडं, बॅस्टिबल त्याचं नाव. ब्रेड आत ठेवायचा आणि झाकणावर निखारे. वरखाली विस्तव! आपल्या पणज्या पातेल्यात केक-नानकटाई अशाच भाजायच्या.

पीठ असं: ३०० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम कणीक, एक लहान चमचा मीठ आणि एक लहान चमचा खायचा सोडा, सपाट, शिगोशीग नाही, सोडा जास्त झाला तर साबण चावल्यासारखं लागतं. सगळं दोनदा चाळून घे. आयर्लंडचा गहू मऊ, त्याच्या पिठाला आपल्या कणकेसारखा चिवटपणा नसतो, म्हणून मैदा जास्त घ्यायचा आणि मुख्य म्हणजे मळायचं नाही. ऐकलंस का, मळायचं नाही. पोळीची कणीक तिंबायची सवय असते ना हाताला, तो हात खिशात ठेव. मधे आळं करून ३५० मिलीच्या आसपास आंबट घट्ट ताक ओत, लागलं तर थोडं आणखी, ४०० च्या वर जात नाही. आपण जेवताना पितो ते पांचट ताक चालणार नाही, दही घुसळून जरासं पाणी घातलेलं पाहिजे. ताकातला आंबटपणा सोड्याला भिडला की गॅस तयार होतो आणि त्याच गॅसवर ब्रेड फुगतो, म्हणून ताक गोड असलं तर ब्रेड दगड. बोटं फाकवून गोल फिरवत गोळा कर, अर्ध्या मिनिटात झालं पाहिजे, दोन-अडीच बोटं जाडीचा गोल थापून वर सुरीनं अधिकचं चिन्ह काढ, खोल, जवळजवळ निम्म्यापर्यंत. तिथली आजी म्हणायची त्यातनं पऱ्या बाहेर पडतात. पऱ्यांचं मला माहीत नाही पण त्या चिरेतनं आच मधोमध पोचते आणि ब्रेड कच्चा राहत नाही एवढं नक्की.

भाजायला मोठा कुकर घे, रिंग आणि शिट्टी काढून, तळाला वाटीभर जाडं मीठ, त्यावर स्टँड, दहा मिनिटं रिकामा तापव, मग पिठी भुरभुरवलेल्या ताटलीत ब्रेड ठेवून मध्यम आचेवर पाऊण तास ते पन्नास मिनिटं. वरनं तो पांढराफटक राहील, घाबरू नको, शेवटच्या दहा मिनिटांत उलटा करायचा. झाला का ते बघायला खालनं टिचकी मार, ढोलकीसारखा पोकळ आवाज आला तर झाला, बद्द आला तर परत आत. (ज्यांच्याकडं ओव्हन आहे त्यांनी २२० ला पंधरा मिनिटं आणि मग २०० वर आणून अर्धा तास.)

आणि एक तिसरा रस्ता आहे. दिवाळीला आपण नानकटाईचे पत्रे घेऊन गल्लीतल्या बेकरीत भट्टीवर भाजायला जातो की नाही, तसाच हा ब्रेडपण न्यायचा. मी गेल्या मार्चमध्ये नेला होता. पण पहिल्यांदा माझी फजिती झाली, घरनं गोळा थापूनच नेला, तिथं आधी खारी निघायची होती, अर्धा तास थांबले, तोवर सोड्याचा सगळा जीव गेला आणि जो काही निघाला तो कुत्र्यानंपण हुंगून सोडला. दुसऱ्या दिवशी कोरडं पीठ डब्यात, ताक बरणीत, आणि भट्टीसमोर उभं राहून कालवला. बेकरीवाला म्हणाला, आक्का, हे काय भजी करायला आलाय काय? निघाल्यावर मात्र निम्मा त्यानंच खाल्ला, वर चहा पाजला.

खाताना गरम असतानाच लोणी. मीठवालं बटर असेल तर बटर, नाहीतर घरच्या लोण्यात मीठ कालव.

प्रश्न : तुमचं वाचून कोलकॅनन केलं, ते कुस्करलेल्या बटाट्यात पाला घालतात ते. बटाटे उकडले, मिक्सरला फिरवले. डिंक झाला. पोस्टर चिकटवता आले असते. काय चुकलं? शिवाय ते केल, कोबीसारखी पालेभाजी, कुठं मिळतं? — बॅचलर, कळंबा

आक्का : मिक्सर चुकला बाबा. बटाट्यात स्टार्च बारीक बारीक पेशींत भरलेला असतो, मिक्सरचं पातं त्या सगळ्या फोडतं आणि आतला स्टार्च बाहेर येऊन त्याची खळ होते. बटाटा कुस्करायचा असतो, वाटायचा नसतो. पावभाजीचा मॅशर चालतो, पण सगळ्यात बेस्ट म्हणजे पुरणयंत्र. आईला फोन कर, घरी असेलच माळ्यावर, पाडव्याला पुरण होईल त्याच्या आधी दोन दिवस मागून आण. त्यातनं बटाटा असा रेशमासारखा पडतो की विलायती यंत्रं झक मारतील.

बाकी दोन गोष्टी. बटाटे कुकरमध्ये पाण्यात बुडवून उकडू नको, सालासकट डब्यात ठेव, डब्यात पाणी घालू नको, म्हणजे ते पाणचट होत नाहीत. आणि सोलून झाले की गरम कढईत मिनिटभर नुसतेच हलव, वाफ जाऊ दे. दूध कडकडीत तापवूनच घाल, थंड दूध घातलं तर गुठळ्या. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचं म्हशीचं दूध असेल तर मग बघायलाच नको, तसलं दूध मला कॉर्कमध्ये मिळालं नाही, आणि दुधा-लोण्याच्या बाबतीत ती माणसं काही कमी नाहीत.

केल शोधत बसू नकोस. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि केल, ही चारही एकाच जातीच्या झाडाची रूपं आहेत, शास्त्रात चौघांचं नाव एकच. नवलकोल विकणारी मावशी वरची पानं तोडून टाकत असते, ती मागून घे, कोवळी बघून. शिरा काढ, मिठाच्या पाण्यात उकळ, पिळून बारीक चीर आणि बटाट्यात मिसळ. नुसता कोबी घातलास तरी कोलकॅननच म्हणतात. पालक घालू नको, पाणी सुटतं. आणि मेथी घातलीस तर मला सांगूपण नकोस.

राजारामपुरीच्या सूनबाईला जो चॅम्प सांगितला तो ह्याचाच उत्तरेकडचा भाऊ, कोबीऐवजी कांद्याची पात, दुधातच पाच मिनिटं उकळून दुधासकट बटाट्यात घालायची. दोन्हीला वाढताना मधे खड्डा करून त्यात लोण्याचा गोळा सोडायचा, तो वितळून तळं होतं, आणि कडेकडेनं घास घेऊन त्या तळ्यात बुडवून खायचा. कोलकॅननमध्ये हॅलोवीनला नाणं, अंगठी असलं काहीतरी लपवतात, ज्याच्या घासात अंगठी येईल त्याचं लवकर लग्न. तू बॅचलर आहेस म्हणून सांगितलं. कागदात गुंडाळून घाल, दात पडला तर माझं नाव नको.

प्रश्न : अहो आक्का, तुमचं डोकं ठिकाणावर हाय काय? तांबडा-पांढरा असलेल्या गावात ऱ्हाता आणि गोऱ्या सायबाचं बेचव जेवान शिकवता? उकडलेला बटाटा काय जेवान हाय? दवाखान्यात देत्यात तसलं. — एक आजोबा, मंगळवार पेठ

आक्का : आजोबा, तुमचा राग डोक्यावर, पण एक दुरुस्ती. आयरिश माणूस म्हणजे तो सायब नव्हे. त्याच्या डोक्यावरपण तोच सायब बसला होता, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं.

आणि तो उकडलेला बटाटा. चांगली जमीन जमीनदारांच्या हातात, गव्हासारखं पीक जमिनीच्या खंडात जायचं, आणि उरलेल्या तुकड्यात कुटुंब जगेल असं एकच पीक, बटाटा. गरीब माणूस तीनत्रिकाळ तोच खायचा. १८४५ ला त्यावर करपा पडला, आपले बटाटेवाले ज्याला उशिरा येणारा करपा म्हणतात ना, तोच रोग, तीच बुरशी. हिरवंगार शेत आठवड्यात काळं, आणि काढलेला बटाटापण कुजलेला. १८५२ पर्यंत हे चाललं. दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, आणखी दहा लाखांवर देश सोडून गेली, आणि त्या काळातपण धान्य, जनावरं, लोणी बंदरातनं बाहेर जातच होतं. कलकत्त्याहून तेव्हा वर्गणी गेली होती त्यांच्यासाठी, त्यात तिथल्या आयरिश सैनिकांचे पैसे होते. त्या बेटाची माणसं अजूनसुद्धा १८४१ च्या शिरगणतीएवढी झालेली नाहीत. शेजारची आजी बटाटा सोलताना साल इतकं पातळ काढायची की आरपार दिसेल, मी एकदा हसले, तर तिनं फक्त माझ्याकडं बघितलं. त्यानंतर मी हसले नाही.

चवीचं म्हणाल तर आजोबा, बटाटा हा शब्द पोर्तुगीजांचा आणि तुमची लवंगी मिरचीपण त्यांच्याच जहाजातनं आलेल्या मिरचीची नात. तांबड्याचा तांबडा रंगच दर्यापारचा. आणि तुम्हाला एक सांगते म्हणजे तुमचा राग उतरेल, कॉर्कला इंग्लिश मार्केट म्हणून जुनं मंडईसारखं आहे, १७८८ पासूनचं, तिथं ड्रिशीन नावाचा प्रकार मिळतो, रक्ताचा, आतड्यात भरून उकडलेला. म्हणजे रक्ती! ते आणि वजडी शेजारी शेजारी विकायला. मी तिथं उभी राहून खाटकाला खुणेनं सांगत होते की आमच्या गावातपण हे खातात, त्यानं खूश होऊन वर थोडं जास्तच घातलं.

प्रश्न : १७ मार्चला सगळं हिरवं करायचं असतं ना? भात, ब्रेड, बियर? कुठला रंग वापरू? — हौशी, ताराबाई पार्क

आक्का : कुठलाच नाही. हिरवी बियर, हिरवा केक हा अमेरिकेचा नाद, शिकागोवाले तर १९६२ पासून नदीच हिरवी करतात. आयर्लंडमध्ये १९०३ पासून ह्या दिवसाची सुट्टी आहे, पण १९२७ च्या कायद्यानं पुढं कितीतरी वर्षं त्या दिवशी पब बंद असायचे, आपल्या ड्राय डेसारखं. सकाळी चर्च, कोटाला शॅमरॉकची म्हणजे तीन पानांच्या गवताची जुडी, आणि घरी जेवण. हिरवं पाहिजेच असेल तर कांद्याची पात आहे की. आणि बियरपेक्षा चहा ठेवा, माणशी चहा पिण्यात आयर्लंड जगात अगदी वरच्या नंबरात आहे, दूध घालून, रंग विटकरी होईपर्यंत. तिथं पाहुणा दारात आला की आधी किटली, नको म्हटलं तर परत विचारणार, परत नको म्हटलं तर ठेवणारच. आपल्याच माणसांत आल्यासारखं वाटतं.

आता राजारामपुरीच्या सूनबाई, तुझं राहिलेलं. रविवारचं स्ट्यू उरलं तर फ्रिजमध्ये ठेव, रात्रीतनं घट्ट गोळा होतो आणि वर चरबीचा पांढरा थर येतो, तो काढून टाकू नकोस. सोमवारी दुपारी कढईत तीच चरबी तापव, त्यात ठेचलेला लसूण, आणि आता, आता घाल ती कांदा-लसूण चटणी, दोन चमचे, तुझ्या घरची. वरनं तो सगळा गोळा, वाटीभर गरम पाणी, एक कढ. बटाटा आधीच विरघळलेला असतो त्यामुळं रस्सा असा दाट येतो की खोबऱ्याचं वाटणपण लागत नाही. बरोबर ज्वारीची भाकरी. मी हे कॉर्कमध्ये एका सोमवारी केलं होतं, आपल्यासाठीच, दार लावून, आणि वास गेला असणार कारण पंधरा मिनिटांत शेजारच्या आजीनं बेल वाजवली, हातात स्वतःचा दुधाचा ग्लास घेऊन.